समुद्र सगळ्यांचा, वाडी कुणाची?



मे महिना आला की माझा फोन वाजायला लागतो. मुंबई-पुण्यातले ओळखीचे लोक विचारतात, "तुमच्या मालवणात एखादी जागा बघ ना. चिऱ्याचं घर, पुढे खळं, चार माड, लांबून समुद्राचा आवाज. शहराचा कंटाळा आलाय गं. आता तिकडेच राहायचं." यात कॉर्पोरेटवाले असतात, निवृत्त शिक्षक असतात, आणि अलीकडे आपल्या चळवळीतले लोकही असतात. तारकर्लीची दोन रील बघितली की प्रत्येकाला गावाला परत जायचं असतं.

मी त्यांना हसत नाही. मी याच किनाऱ्यावर राहते. कर्लीच्या खाडीवर संध्याकाळ उतरताना मलाही दोन मिनिटं काही सुचत नाही. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी, हे रोज बघणाऱ्यालाही नवल वाटतं. पहिल्या पावसात जांभ्या दगडाचा वास, शेवाळलेला गडगा, काजीच्या बोंडांनी लाल-पिवळी झालेली पायवाट, यातलं काहीच खोटं नाही. सौंदर्य ब्राह्मणी नसतं आणि बहुजनही नसतं. ते बघायला कोण कुठे उभं आहे, यावर मात्र बरंच काही ठरतं.

कोकणात आडनावावरून जात सहज कळत नाही. गावाच्या नावापुढे 'कर' लागलं की झालं आडनाव. तेच आडनाव मराठ्यात, तेच भंडाऱ्यात, तेच बौद्धात. म्हणून इथे दुसरा प्रश्न तयार झालाय. एसटीत शेजारी बसलेली म्हातारी प्रेमानं विचारते, "बाय, तू खंयची गो?" मी गावाचं नाव सांगते. ती खूश होते, गावातली दोन-चार माणसं काढते. मग पुढचा प्रश्न येतो, "खंयची वाडी?" मी वाडी सांगते. त्यानंतर बहुतेक वेळा ती खिडकीबाहेर बघायला लागते. भांडण नाही, शिवी नाही. संभाषण फक्त तिथे संपतं.

मुंबईहून जागा बघायला आलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो पर्यटक असतो, 'पाव्हणो' असतो. त्याला गाव हे एक निसर्गचित्र दिसतं. आम्हाला गाव नकाशासारखं दिसतं. देऊळवाडी, भंडारवाडी, गाबीतवाडी, सुतारवाडी, कुंभारवाडी आणि सगळ्यात शेवटी, बहुतेकदा ओढ्यापलीकडे नाहीतर सड्याच्या कडेला, जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे, बौद्धवाडी. आधी तिचं नाव महारवाडा होतं. १९५६ नंतर आपल्या माणसांनी ते स्वतः बदललं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण पाटीवर समतानगर आलं म्हणून पाण्याच्या पाईपलाईनचा क्रम बदलत नाही. रस्त्याचा निधी आला की तो कुठून सुरू होतो आणि कुठे येऊन संपतो, हे एकदा आपापल्या गावात बघा.

आता इतिहासाकडे येऊ, कारण या जिल्ह्याची दुसरी ओढ इतिहासाची आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. आनंदाची गोष्ट आहे. पण किल्ला दाखवणारा माणूस काय सांगतो ते ऐका. राजांच्या हातापायाचे ठसे सांगतो, गोड्या पाण्याच्या विहिरी सांगतो. पाथरवट कोण होते, चुना कुणी मळला, दगड होडीतून कुणी उतरवला, यातलं काही सांगत नाही. डोंगरी किल्ल्यांच्या घेऱ्यात पहाऱ्याला रामोशी, महार, मांग असायचे हे इतिहासात नोंदलेलं आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकात त्यांना जागा नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी राजकोटावर शिवरायांचा पुतळा उभा राहिला आणि नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. सगळा महाराष्ट्र पुतळ्यावर बोलला, आणि बोलायलाच हवं होतं. पण ज्या रयतेच्या नावानं राजांची ओळख आहे, त्या रयतेच्या सातबाऱ्यावर या जिल्ह्यात कुणाचं नाव आहे, हा विषय त्या गदारोळातही निघाला नाही.

आचऱ्याच्या गावपळणीचंही तसंच. काही वर्षांनी एकदा सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस राहतं. ते बघायला चॅनेलवाले येतात, सुंदर फोटो छापून येतात. लोकांनी एकत्र राहावं, मोकळ्या रानात राहावं, यात वाईट काही नाही. पण पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेरच राहिलेल्या माणसांकडे कुणी कॅमेरा नेल्याचं मी पाहिलेलं नाही.

गावाचं हे गोड चित्र नवं नाही. इंग्रज अधिकारी मेटकाफनं भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं, आपल्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं, आणि गांधीजींनी खेड्याकडे चला असं सांगितलं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हे चित्र फाडून टाकलं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं आगर आहे, असा त्यांचा स्पष्ट आशय होता. घटनेचा मूळ घटक गाव नसून व्यक्ती आहे, याचं त्यांना समाधान होतं. समाजशास्त्र शिकताना मी गावावरची बरीच पुस्तकं वाचली. बाबासाहेबांच्या त्या काही वाक्यांइतकं माझ्या वाडीचं अचूक वर्णन मला दुसरीकडे सापडलं नाही.

त्यामुळे आपल्यातले अनेक जण म्हणतात, 'बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं. मग गावाचं कौतुक कशाला? जागा विका आणि मोकळे व्हा.' हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेते. कारण आपण उभे राहिलो ते गाव सोडूनच. कोकणातल्या आपल्या माणसांचा इतिहास म्हणजे आधी पलटण आणि मग मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा दापोलीत राहून गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे आपले आजोबा-पणजोबा बोटीनं मुंबईत उतरले. गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत कामाला लागले, बीआयटी चाळींत राहिले. गिरणीतही कापड विणण्याच्या खात्यात आपल्याला घेत नव्हते, कारण सुताचं टोक तोंडानं ओढावं लागायचं आणि त्यात विटाळ होता. तरीही तो पगार रोख होता. त्या पगारातून मुलं शिकली. वाडीतली पहिली पक्की इमारत कुणाचं घर नव्हती, ते बुद्धविहार होतं, आणि ते मुंबई मंडळाच्या वर्गणीतून उभं राहिलं. गावानं आपल्याला यातलं काही दिलं नसतं.

पण 'जागा विका' हे बाबासाहेबांनी कधी सांगितलं? जरा क्रम लावून बघा. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. जुलूम आणि वेठ जावी, पण वतनाची जमीन कसणाऱ्याकडे राहावी, त्यानं इतर रयतेसारखा सारा भरावा, हा त्याचा गाभा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ती लढाई आपल्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची आणि कुलाब्याची होती, आणि तीत महारांबरोबर कुणबी आणि आगरी कुळंही होती. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तीही सरकारनं जमीन देऊन वसवायच्या वसाहतींची. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमिनीची मालकी राज्याकडे घेऊन सामुदायिक शेतीची योजना मांडली. त्यांच्यानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. या सगळ्याचा अर्थ एकच निघतो. गावाची गुलामी सोडा, जमीन सोडू नका. आपण ऐकताना पहिला अर्धा भाग ऐकला.

आणि आत्ता, या पाच-दहा वर्षांत, त्याची किंमत आपण मोजतोय.

सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा जिल्हा झाला, १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. दुसरीकडे २००१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ४९ हजारांवर आली. म्हणजे राज्य वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका, हा आकडा भाषणांत अभिमानानं सांगतात. त्यात मुंबईला गेलेले नवरे आणि मुलगेही दडलेले आहेत. म्हणजे जे सुंदर, शांत, निवांत गाव पाहुण्यांना आवडतं, त्याचा निवांतपणा कुणाच्या तरी बंद घरांतून आलाय. आणि त्यातली बरीच कुलुपं आपल्या वाडीतली आहेत.

आता ही कुलुपं उघडायला दलाल येतात. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं सामायिक, त्यातली अर्धी माणसं विरार-नालासोपारा-दिव्यात. दलाल प्रत्येकाला वेगळा गाठतो. "इतकीशी जागा, तुम्ही येणार कधी? चार पैसे घ्या." पोराचं लग्न असतं, आजारपण असतं, आणि सही होते. वतनाच्या बऱ्याच जमिनी १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यानंतर नव्या शर्तीनं परत मिळालेल्या आहेत. त्या विकायच्या तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे माहीत नसलेले लोक साध्या कागदावर विसार घेऊन बसतात. मग जमीनही अडकते आणि माणूसही.

उलट बाजूनं बघा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी तुम्ही कायद्यानं शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. ज्यांच्या आजीनं आयुष्यभर दुसऱ्याच्या मळ्यात लावणी केली, तिच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तिची नात शेतकरी नाही. मुंबईच्या बिल्डरकडे मात्र कुठल्यातरी तालुक्यातला शेतकरी दाखला असतो. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. जिरायतीला एकरी जास्तीत जास्त ५ लाख. मालवणच्या किनाऱ्यावर लोक आता एकराचा नाही, गुंठ्याचा भाव बोलतात. त्या दरात इथे जमीन कोण देणार? योजना कागदावर आहे आणि समुद्र दुसऱ्याच्या खिडकीत.

माझ्या वाडीतली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे यायची पायवाट एका बागेतून जाते. तीन पिढ्या आम्ही तिथूनच आलो-गेलो. लग्नाच्या वराती तिथूनच आल्या, प्रेतंही तिथूनच गेली. बागेच्या जुन्या मालकानं कधी हटकलं नाही, पण कधी लिहूनही दिलं नाही. बाग विकली गेली. नव्या मालकाला प्रायव्हसी हवी होती. त्यानं चिऱ्याची भिंत घातली, फाटक बसवलं आणि फाटकाला कुलूप. पावसात वाडीतली एक बाळंतीण खुर्चीवर बसवून चौघांनी ओढ्यातून उचलून रस्त्यापर्यंत नेली. बाई आणि बाळ वाचले, म्हणून ही गोष्ट मी लिहू शकते.

भिंत घालणारा माणूस दुष्ट नव्हता. त्यानं आमच्याशी जातीवरून एक शब्दही काढला नाही. त्याला कदाचित आमची जात माहीतही नसेल. त्यानं नकाशा बघितला, नकाशात वाट नव्हती. ती का नव्हती? कारण मोजणी झाली तेव्हा महारवाड्याकडे जाणारी वाट नोंदवावी असं कुणालाच वाटलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या जातीयवादानं कागदावर एक रेघ गाळली, आणि आज जात न मानणारा सज्जन माणूस त्या गाळलेल्या रेघेवर कायदेशीर भिंत बांधतो. मित्रांनो, आजची जात अशी चालते. तिला शिवी द्यावी लागत नाही.

पण चूक आमचीही होती. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, ती सहा महिन्यांच्या आत. आम्ही आठ महिने थांबलो. "गावात वाईटपणा नको," "मुंबईकरांना विचारू," "गणपतीत बसून ठरवू." मुदत गेली. मग जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागत फिरावं लागलं. जो कायदा फुकट हातात होता, तो आपण वाचलेला नव्हता. वाडीत १४ एप्रिलला डीजे लावायला वर्गणी जमते. सातबारा आणि मोजणीचा नकाशा काढायला कुणी पुढे येत नाही. हे कडू आहे, पण आपल्यातच बोलायचं तर बोललंच पाहिजे.

काही मित्र म्हणतात, पर्यटनामुळेच जात संपेल. पाहुणा जात विचारत नाही, पैसे देतो. यात तथ्य आहे. स्कुबाच्या होडीवर, हॉटेलच्या काउंटरवर आपली पोरं काम करतात, आणि पाहुण्याला त्यांची वाडी माहीत नसते. पण मालक कोण आणि कामगार कोण, हे बघा. 'अस्सल मालवणी जेवण' या पाटीखाली आपल्या बाया मागच्या दारी मासे साफ करतात, भांडी घासतात. त्याच बाईनं स्वतःच्या घरी न्याहारी-निवास सुरू केलं, तर गावातला रिक्षावाला पाहुण्याला तिच्याकडे आणेल का? पाहुणा जात विचारत नाही, पण त्याला रस्ता दाखवणारा वाडी ओळखतो.

आणि हे फक्त आपलं दुखणं नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्हज नावाचं मच्छीमारांचं देखणं गाव आहे. लंडनच्या श्रीमंतांनी तिथे सुट्टीची घरं घेतली आणि स्थानिक पोरांना घर परवडेना. २०१६ साली गावानं मतदान घेऊन ठरवलं की नवं बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. वेल्समध्ये २०२३ पासून दुसऱ्या घरावर तिप्पट जादा कर लावण्याचा अधिकार तिथल्या कौन्सिलांना मिळाला. गोऱ्या देशातल्या लोकांना जे कळलं ते आपल्या ग्रामसभेत कधी मांडलं गेलंय का? इथले गाबीत, भंडारी, कुणबी यांनाही हाच फटका बसतोय. मच्छीमाराची होडी ओढायची जागा रिसॉर्टच्या खुर्च्यांनी भरतेय. १९३८ मध्ये बाबासाहेबांनी महार आणि कुणबी कुळांना एका मोर्चात आणलं होतं. तो धागा पुन्हा पकडायचा असेल, तर तो जमिनीच्या प्रश्नावरच पकडता येईल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्यांनी नोकऱ्या सोडून गावी या, असं मी म्हणणार नाही. तो भाबडेपणा होईल. पण गावाचा कागद सोडू नका. येत्या सुट्टीत चार कामं करा. एक, सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा, मेलेल्यांची नावं कमी करून वारसांची लावा, आणि त्यात बहिणींची नावं गाळू नका. दोन, वाडीचा रस्ता, विहीर आणि स्मशान कुणाच्या नावावर आहे ते तपासा, नसेल तर ग्रामसभेत ठराव मागा, लेखी मागा. तीन, मुंबई मंडळानं ठरवावं की कुणाला विकायचीच वेळ आली, तर आधी वाडीत विचारायचं. चार, वाडीतल्या बायांचा बचतगट न्याहारी-निवास चालवणार असेल, तर आपण स्वतः तिथे राहायला जायचं आणि पूर्ण पैसे द्यायचे. आपल्याच लोकांकडे फुकट जेवून समुद्रावर दुसऱ्याच्या हॉटेलात पैसे उडवायचे, ही कुठली चळवळ?

आणि मला जागा विचारणाऱ्या मित्रांनाही सांगते. या, जरूर या. मालवणचा समुद्र कुणाच्या बापाचा नाही. पण जागा बघताना एजंटाला एक प्रश्न विचारा, की या जमिनीतून कुणाची वाट जाते? तो नाही म्हणाला, तर स्वतः एक फेरी मारा. गवतात पायाचा माग दिसेल. तो मळलेला माग कुठे जातो, तिथपर्यंत चालत जा. शेवटी एखादं विहार असेल, निळा झेंडा असेल, आणि ओट्यावर एखादी म्हातारी बसलेली असेल. तिच्याशी बोला. ती तुम्हाला पाणी देईल. ते प्यायल्यावरच भिंतीचं ठरवा.

आमच्या वाटेचा अर्ज अजून चालू आहे. पुढच्या तारखेला आम्ही वाडीतून पंधरा जण जाणार आहोत, त्यात ती बाळंतीणही आहे, पोराला कडेवर घेऊन.

जय भीम. नमो बुद्धाय.